गौतमच्या हातात दिलं

बायकोला ठाऊक नाही, मोठ्या भावाला नाही, रोज सोबत चहा पिणाऱ्यांना तर नाहीच. हे आजवर माझ्या तोंडून निघालेलंच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. ओळखीच्या माणसाच्या डोळ्यांत बघून हे सांगायची माझ्यात हिंमत नाही.

मी गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे, गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावच्या बाजूला. पशुधन पर्यवेक्षक. लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी त्यांना दुरुस्त करत नाही. म्हणजे खोटं अंगवळणी पडायला सुरुवात तिथूनच झाली असावी.

मागे एका निवडणुकीच्या तोंडावर टीव्हीवर बातमी चालली होती — परभणीतून जैविक अस्त्र चोरीला गेलं म्हणून. लाल पट्ट्या, हिरवा धूर, तोंड झाकलेले काळ्या कपड्यांतले लोक. असले लोक परभणीत कुणी कधी बघितलेले नाहीत. 'शत्रूचे हेर मराठवाड्यात?' असं विचारायचे. शेवटी प्रश्नचिन्ह लावलं की काहीही म्हणायची सोय होते. ते अस्त्र कसं होतं, सांगू? मेलेल्या मेंढीच्या कानातलं थोडं रक्त होतं ते. काचेच्या नळीत घातलेलं, नळी डब्यात, डबा बर्फाच्या थर्मासमध्ये. थर्मास माझ्या घरचा, निळ्या फुलांचा. टीव्हीवर त्याचं चित्र दाखवलं असतं तर सगळा जिल्हा हसला असता, आणि मी हे लिहीत बसलो नसतो.

त्याचं असं झालं. धोंडिबा नावाच्या मेंढपाळाच्या मेंढ्या उभ्या उभ्या पडायला लागल्या. नाकातून काळं रक्त, पोट फुगलेलं. आमच्या धंद्यात हे दिसलं की पहिली शंका काळपुळीची, कागदोपत्री तिला अँथ्रॅक्स म्हणतात. अशी मेंढी कापायची नसते. कानाच्या शिरेतून रक्त घ्यायचं, जनावर खोल पुरायचं, वर चुना टाकायचा, आणि रक्ताचं सॅम्पल स्वतः जाऊन परभणीच्या प्रयोगशाळेत हातात द्यायचं. स्वतः. दुसऱ्या कुणाच्या भरवशावर नाही. हा नियम मी वर्षानुवर्षं पाळला होता, हेही खरं. पण त्याचा आता काय उपयोग?

प्रयोगशाळेच्या खिडकीत गौतम असायचा. तिथला तंत्रज्ञ. माझ्याहून बराच लहान, मला दादा म्हणायचा. नळी उजेडात धरून बघायचा आणि म्हणायचा, "लय भारी घेतलंय दादा, एक बुडबुडा न्हाई." मग बाहेरच्या गाड्यावर चहा. पैसे मला कधी देऊ द्यायचा नाही. त्याची बायको सुजाता आमच्याच भागातल्या गावी राहायची, शेळ्यांच्या निमित्तानं माझं तिच्याकडे जाणं व्हायचं, आणि त्या वर्षी ती पंचायत समितीला उभी होती — मालकांच्या पुतण्याच्या विरोधात. मालक म्हणजे आमच्या भागाचे नेते. त्यांना नावानं कुणी बोलवत नाही. मालकांच्या घराण्यासमोर बौद्धवाड्यातली एक बाई उभी राहते आणि लोक तिचं ऐकायलाही लागतात, हे मालकांना किती झोंबलं असेल ते तुम्हीच समजून घ्या.

त्या दिवशी मानवतला साडूच्या मुलीचा साखरपुडा होता. साडूची गाडी सोनपेठवरून सरळ जाणार होती. सॅम्पल घेऊन परभणीला गेलो असतो तर साखरपुडा हुकला असता, बायकोनं आठवडाभर तोंड फिरवलं असतं. एवढंच. एवढ्यासाठीच! मी गंगाखेडच्या स्टँडवर परभणीकडे जाणाऱ्या एसटीच्या ओळखीच्या कंडक्टरकडे थर्मास दिला. आमच्याकडे सगळं असंच जातं — जेवणाचे डबे, औषधं, घरी विसरलेले चष्मे. त्यानं तो ड्रायव्हरच्या सीटमागे सरकवला. आत काय आहे हे मी सांगितलं नाही. प्रयोगशाळेतला माणूस येऊन घेईल, म्हणालो. गौतमला फोन करून स्टँडवर पाठवायचं, असं ठरवलं होतं.

फोन लागला नाही. पुन्हा लावू म्हटलं. मग फेटे बांधणं, मानपान, पंगत. पंगतीत असतानाच आमच्या साहेबांचा फोन आला. काळपुळीची शंका म्हणजे त्यांच्याही डोक्याला घोर. "सॅम्पल दिलं का?" समोर जिलेबी, कानाशी सनई. मी एका दमात म्हणालो, "दिलं साहेब. गौतमच्या हातात दिलं."

तेवढंच वाक्य. मला वाटलं, तासाभरात खरंच होईल ते. अगोदर बोललं आणि मागून घडलं, एवढाच फरक पडेल. तुम्ही असं कधी केलं नाही का? — जाऊ द्या, तुमचं मला विचारायचं नाही.

गाडी परभणीहून पुढे पूर्णेला गेली. थर्मास घ्यायला कुणी आलंच नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रयोगशाळेत विचारलं, गौतम म्हणाला, माझ्याकडे आलंच नाही. साहेबांनी वर कळवलं. वरून मालकांपर्यंत ते कसं पोचलं कोण जाणे, पण संध्याकाळच्या सभेत मालकांनी माइक हातात घेऊन आवाज कापरा केला. म्हणाले, सरकारी प्रयोगशाळेतून भयानक जंतू चोरलेत, माझ्या सभेच्या पाण्यात कालवायला, आणि चोर कुणाच्या घरात राहतो ते तुम्हाला ठाऊक आहे. झालं. लोकांनी टाकीचं पाणी भरणं सोडलं. मेंढरं दिसली की गावाबाहेर हाकलायला लागले. धोंडिबा माझ्याकडे येऊन म्हणाला, "डाक्टर, माझ्या मेंढीच्या कानात बॉम्ब व्हता म्हणायलेत लोक. बारा म्हैने माझ्याजवळ ऱ्हायती ती, मला कसा दिसला न्हाई?" मी हसलो नाही.

गौतमला पोलिसांनी चौकशीला नेलं त्याच दुपारी कंडक्टर दवाखान्यात आला. हातात माझा निळ्या फुलांचा थर्मास.

"साहेब, तुमचं माणूस आलंच न्हाई की. पूर्णा डेपोत पडून व्हता ह्यो." आणि मग आवाज बारीक करून म्हणाला, "जपून ऱ्हावा बरं का. त्ये परभनीतून काय की इषारी चोरीला गेलंय म्हनं. कुटं कुणाजवळ असंल, काय सांगावं!"

म्हणाला, आणि ते माझ्या टेबलावर ठेवून गेला. तो दरवाज्यातून बाहेर पडला तसा मी थर्मास टेबलाखाली सरकवला. आणि तरी — ऐका — तरी सगळं तिथंच मिटलं असतं. थर्मास उचलायचा, परभणी गाठायची, साहेबांसमोर ठेवायचा आणि म्हणायचं, हे घ्या तुमचं अस्त्र. काय झालं असतं माझं? नोटीस आली असती, पगारवाढ थांबली असती, फार तर बदली. माणसं यातून तरून जातात. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे.

मी दवाखान्यामागच्या खड्ड्यात फिनेल ओतलं, चुना टाकला आणि थर्मास पुरला. भर दुपारी. शिपायानं विचारलं तर म्हणालो, मुदत संपलेली लस आहे.

मग साध्या कपड्यातले एक साहेब आले, मुंबईहून की कुठून. मला वाटलं, आता संपलं. माझा फोन त्या दिवशी मानवतला होता, एवढं एक तपासलं तरी मी उघडा पडणार. त्यांनी खुर्ची ओढली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "त्या दिवशी तुम्ही परभणीत होतात. बरोबर ना?" ज्या सुरात विचारलं तो अजून कानात आहे. ते विचारत नव्हते, मला उत्तर पढवत होते. त्यांना सॅम्पल नकोच होतं हो! त्यांना गौतम हवा होता, आणि माझं ते पंगतीतलं वाक्य त्यांच्या कामाचं होतं. मी म्हणालो, बरोबर. इतकी मोठी माणसं, इतक्या गाड्या, इतके कॅमेरे — आणि एकानंही माझं खोटं पकडायची तसदी घेतली नाही. मला त्यांची चीड येते. माझं खोटं पकडलं नाही म्हणून मी दुसऱ्यांवर चिडतो — बघा, काय माणूस आहे मी.

आणि ते मुंबईचे साहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, तुमचं गौतमच्या घरी जाणंयेणं आहे, जरा लक्ष ठेवा. मीही ठेवलं. सिनेमातले हेर दुर्बीण घेऊन छपरावर झोपतात. मी शेळीला गोळी द्यायच्या निमित्तानं सुजाताच्या ओट्यावर बसायचो. गौतमला तेव्हा सोडलं होतं, पण नोकरीवरून निलंबित केलं होतं. कोण भेटायला आलं, कोणत्या गावची सभा ठरली, कोणाची जीप मिळाली — सगळं त्या साहेबांना फोनवर सांगायचो. मी सांगितलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी मालकांच्या माणसांना ठाऊक असायची. सभेची जागा ऐनवेळी नाकारली जायची, जीपवाला आजारी पडायचा. सुजाता माझ्यासाठी आत जाऊन चहा ठेवायची आणि म्हणायची, "दादा, सगळे तुटले बगा आमच्यापासून. तुमी तेवढे येता." तो चहा मी प्यायचो. गार होऊ न देता प्यायचो.

शेवटी तिनं अर्ज मागे घेतला. मालकांचा पुतण्या बिनविरोध आला, गुलाल उधळला गेला, आणि टीव्हीवाले कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्याच्या दुसऱ्या धुराकडे निघून गेले. अस्त्र सापडलं का, चोर कोण, हेर कुठल्या देशाचे — कुणीही पुन्हा विचारलं नाही. राहिली फक्त गौतमची खात्यातली चौकशी.

इथपर्यंत आलो आणि अजून मूळ गोष्ट सांगितलीच नाही. कडेकडेनं फिरतोय. खोटं बोललो, पुरलं, चुगल्या केल्या — हे सगळं भीतीपोटी, असं म्हणून मी कधी कधी झोपतो. पण हे पुढचं तसं नाही. त्या वेळी मला कुणी घाबरवलेलं नव्हतं.

चौकशीच्या आदल्या दिवशी गौतम माझ्या दवाखान्यात आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मला वाटलं भांडायला आला. भांडला असता तर बरं झालं असतं, कदाचित मी बोललो असतो. तो बाकावर बसला आणि म्हणाला,

"दादा, मी लय इचार केला. तुमी मला ओळखता, मी तुमाला ओळखतो. तुमी खोटं कशाला बोलसाल? त्या दिवशी गर्दी बी लय व्हती खिडकीवर. मग मीच घेतलं असंन ना तुमच्या हातातून? घेतलं असंन आन कुटंतरी ठिवलं असंन. डोळे मिटले की आता मला दिसायलंय बी — तुमी खिडकीत उभे हायेत, हात पुढं केलाय. पर पुढचं कायबी आठवत न्हाई. असं व्हतं का ओ माणसाला?"

तो माझ्या तोंडाकडे बघत होता. दवाखान्यात आम्ही दोघंच. नुसतं नाही म्हणायचं होतं. 'नाही रे, मी आलोच नव्हतो.' एवढं. मागचा खड्डा त्याच्या बाकापासून हाकेच्या अंतरावर होता.

मी उठलो. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि म्हणालो, "होतं रे असं कधी कधी. कामाच्या गडबडीत."

त्यानं मान हलवली. मोकळा झाल्यासारखा दिसला. दुसऱ्या दिवशी चौकशीत जाऊन त्यानं सांगितलं, 'दादांनी सॅम्पल माझ्या हातात दिलं होतं, माझ्याकडून हरवलं.' प्रामाणिकपणे कबूल केलं म्हणून नोकरी राहिली, पण प्रयोगशाळा गेली. आता तो दुसऱ्या तालुक्यात गोदामावर असतो. मला भेटला की अजून पाया पडतो. आणि सुजाता सांगते, त्यांचं डोकं पहिल्यासारखं राहिलं नाही — कुलूप लावतात आणि परत जाऊन बघतात, पगार मोजतात आणि तिच्याकडून पुन्हा मोजून घेतात, पोरीला शाळेत सोडून येतात आणि बाईंना फोन करून विचारतात, सोडलं ना मी? नांदेडच्या डॉक्टरकडून विस्मरणाच्या गोळ्या चालू आहेत.

गौतम काहीही विसरलेला नाही. त्या दिवशी त्याच्या खिडकीत मी नव्हतोच.