प्राणवायूचं मशीन

गल्लीत तिला सगळे शिलाईवहिनी म्हणत. नवऱ्याने उमेदीची वर्षं फरश्या कापण्याच्या कारखान्यात घातली आणि तिथली दगडाची भुकटी छातीत घेऊन तो घरी बसला. डॉक्टरांनी प्राणवायूचं मशीन दिवसरात्र लावायला सांगितलं. खाटेशेजारी ते धूड घरघरू लागलं आणि विजेचं बिल आभाळाला भिडलं.

वहिनीने कंबर कसली. फ्रिज बंद करून त्यात कापडाचे तुकडे ठेवले. पंखा फक्त पाहुण्यांसाठी, आणि पाहुण्यांनी तर कधीच पाठ फिरवली होती. शिलाई मशीनची मोटर काढून ती पुन्हा पायाने मशीन मारू लागली. गुडघे बोंबलले, तिने ऐकलं नाही.

"आता माझे डोळे मिटवून ठेव, तेवढाच उजेड वाचेल," नवरा म्हणायचा आणि दोघं हसायची.

तरी पुढचं बिल जवळजवळ तेवढंच आलं. "अहो, जाते तरी कुठे एवढी वीज?" ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. त्याची नजर खाटेशेजारच्या मशीनकडे वळली होती.

त्यानंतरचं बिल मात्र खरंच उतरलं. वहिनी हरखली, शेजारच्या न्हाव्याच्या बायकोला दाखवून आली. नवरा हल्ली फार झोपायचा, बोलता बोलता शब्द विसरायचा, ओठ काळसर दिसायचे. आजार वाढतोय, असं तिने मनाशी धरलं.

एकदा पडदे पोचवायला निघाली आणि टेप विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतली. घर चिडीचूप. नळी उशाखाली, बटण बंद, आणि नवरा खाटेची कड धरून तोंडाने हवा ओढत होता.

तिने मशीन सुरू केलं, नळी नाकाला लावली. त्याचा श्वास जाग्यावर येईपर्यंत ती त्याची पाठ चोळत राहिली.

"कधीपासून चाललंय हे?"

"तू बाहेर गेलीस की बंद करतो. तेवढंच."

"तेवढंच? अहो, जीव जाईल तुमचा!"

"तू पाय झिजवतेस. मी नुसता वीज खात पडलोय. मलाही काहीतरी वाचवू दे की गं."

डॉक्टरांनी तपासलं. हृदय पार थकलंय, म्हणाले, गेलं ते भरून येणार नाही. वहिनीने बाहेरची कामं सोडली. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे वळली. आता त्याचा हात बटणापर्यंत पोचत नाही. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा तिला हायसं वाटलं, आणि मग स्वतःचीच किळस आली.

"बिल आलं का?" तो मधूनच विचारतो.

"आलं. कमी आलंय."

खोटं बोलणं तिला कधीच जमलं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो नुसती मान हलवतो. वाद घालायला लागणारी हवा आता त्याच्याकडे उरलेली नाही.