सोफ्याची बोट

शेजाऱ्यांची बोट माझ्या एका टोमण्यामुळे ठरली, हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही.

हे गृहस्थ कुठलीही वस्तू घेताना बोटाच्या पेराने ठोकून बघतात. कलिंगड ठोकतात, दरवाजा ठोकतात, नवी स्कूटरही ठोकली होती. ऐकू काय येतं ते त्यांनाच माहीत. रविवारी कुटुंबाला पानशेतच्या पाण्यात फिरवायचं ठरलं, तेव्हा बोटीच्या आधी त्यांनी कप्तानाची टोपी घेतली.

विक्रेत्याकडे ॲल्युमिनियमच्या दोन मोटरबोटी होत्या, लांबीला जवळपास सारख्याच. एकीच्या कडा उंच. दुसरीच्या बसक्या, पण आत पांढरा सोफा. यांनी दोन्ही ठोकल्या. वहिनी दोन्हींत बसून आल्या. "अहो, उंच कडेची घेऊ या. मला पोहता येत नाही, हिच्यात धरायला तरी काही आहे."

तरुणपणी मी वल्ही मारायचो, म्हणून मला सोबत नेलं होतं. "आपलं काय मत?" त्यांनी विचारलं.

"सोफ्याचीच घ्या," मी म्हणालो. "पाण्यात माणसाला दुसरं काय लागतं?"

सदाशिव पेठेत हे कुणीही हसण्यावारी नेलं असतं. पण हे गृहस्थ वहिनींकडे वळून म्हणाले, "बघ, जाणकार काय म्हणतात." मला मजा वाटली. मी गप्प राहिलो.

आता दर रविवारी टोपी घालून, सोफा रिकामा ठेवून ते एकटेच चकरा मारतात. वहिनी डबा घेऊन काठावर बसतात. "हिला पाण्याची आवडच नाही," असं ते सगळ्यांना सांगतात.

तुमचंच बरोबर होतं, हे वहिनींना त्यांच्या नवऱ्यासमोर सांगायचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.