अर्धी मात्रा

पुरे कधी म्हणावं हे कळणारा एकच माणूस मला साऱ्या चेन्नईत भेटला, आणि नेमका तोच मला भूल द्यायला बसला. अण्णा नगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे हे भूलवाले डॉक्टर तंजावरचे मराठी. बोलणं पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं मराठी, पण 'पुरे' मात्र तमिळमध्ये: "पोदुम." कॉफी अर्ध्या पेल्यावर पोदुम, सांबार दोन पळ्यांवर पोदुम. एका लग्नात तर त्यांनी वाढप्याचा हात धरून शेजारच्या पाहुण्याचंही तूप थांबवलं होतं.

माझं तसं नाही. श्रीपेरुंबुदूरला लेथवर उभा राहून राहून मी स्वतःचा कारखाना काढला, तो घासाघीस करून आणि आवाज चढवून. त्या उभं राहण्याने पायाच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्या. ऑपरेशन ठरलं. पाठीत एपिड्युरलचं इंजेक्शन, त्याने कमरेखाली बधिर. त्यातच गुंगीचं औषध मिसळायचं. मला भीती एकच होती: जागेपणी आपल्या शिरा ओढलेल्या ऐकू येतील. आदल्या संध्याकाळी डॉक्टर घरी आले, वजन विचारलं, दुपारी झोपता का विचारलं, आणि नाडी दोनदा मोजली.

"पूर्ण मात्रा द्या," मी म्हणालो.

"अर्धी."

"पाऊण तरी?"

"राव, तुमची नाडी आधीच सावकाश चालते. हे औषध तिला आणखी सावकाश करतं. अर्धी पोदुम."

दुसऱ्या दिवशी माझ्या आधीचा पेशंट घोरत बाहेर आला. त्याला पूर्ण! मी भडकलो. टेबलावर पाय गेले, कमर गेली, डोकं मात्र टक्क जागं. मी पुन्हा सुरू केलं.

"पाव तरी वाढवा."

"पाव फार होते. त्याच्या निम्मं?"

"निम्म्याने काय होतंय? कंजूषपणा सोडा!"

"मग दहा मिनिटं थांबा, बघू."

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. बोटं माझ्या नाडीवर, डोळे मॉनिटरवर आणि तोंड माझ्याशी भांडणात. दीड तास मी जीव तोडून भाव केला. निम्म्याच्याही निम्म्यावर सौदा पटतो न पटतो, तोच सर्जन म्हणाले, "झालं, टाके घातले." एक थेंबही वाढवला नव्हता. शिरा कधी ओढल्या, मला कळलंसुद्धा नाही.

आयुष्यात इतका कधी फसलो नाही. तो राग मी अजून सोडलेला नाही. जिन्यात भेटले की सुनवायचो, ते हसून म्हणायचे, "पोदुम, राव."

यंदा दुसऱ्या पायाचं झालं. डॉक्टर आता लेकीकडे तंजावरला राहतात. नव्या डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिले, नाडी पाहिली, मात्रा ठरवली: अर्धीच. अगदी बरोबर. टेबलावर मी सवयीने म्हणालो, "पाव वाढवा."

"नाही, अंकल," एवढंच म्हणून त्या मॉनिटरकडे वळल्या.

त्या दिवशी मला सगळं ऐकू आलं.