साडूंची करवत

बिघडलेली वस्तू समोर आली, की माझ्या साडूंच्या चेहऱ्यावर जे तेज चढतं, ते त्यांच्या लग्नाच्या फोटोतही नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे आणि त्यांनी ते कौतुक म्हणून स्वीकारलेलं आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. घराणं मराठी, पण बंगलोरात ते कधी येऊन राहिलं हे सांगणारं आता कोणी उरलेलं नाही. यशवंतपूरच्या बाजूला त्यांचं बैठं घर, आणि त्यांच्या मराठीत ‘स्वल्प’ म्हणजे जरासं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, हे कानडी शब्द फोडणीतल्या मोहरीसारखे तडतडत असतात. मी सांगलीचा. नव्वदच्या सुमारास नोकरीसाठी इकडे आलो. पण बेळगावच्या वर जे काही आहे ते सगळं पुणं, असा त्यांचा भूगोल असल्यामुळे ते मला पहिल्या दिवसापासून ‘पुणेकर’ म्हणतात. मी त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या दुरुस्तीला मी आणखी काही काही म्हणतो, पण ते मनात.

कारण अण्णांना बिघडलेली वस्तू जितकी आवडते, तितकीच चालणारी वस्तू संशयास्पद वाटते. त्यांच्या घरातला मिक्सर कित्येक वर्षं बिनतक्रार चालत होता. एवढा गुणी म्हणजे आत काहीतरी लपवत असणार, असं ठरवून त्यांनी तो उघडला. तेव्हापासून त्या घरात चटणी पाट्यावर वाटली जाते, आणि ती चवीला जास्त चांगली लागते हेही त्या दुरुस्तीचंच यश असं ते मानतात. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी दुरुस्त केलं, ते आता तिरकं टांगलं तरच चालतं. त्या घरात वेळ बघणारा प्रत्येक पाहुणा मान डावीकडे कलवतो, आणि दोन दिवस राहिला तर घरी गेल्यावरही कलवत राहतो. एका भाचीच्या लग्नात मुहूर्ताची घटका भरत आली, भटजी नवरीच्या मामाच्या नावानं हाका मारू लागले, आणि मामा मांडवामागे जनरेटरपाशी सापडले. रेशमी उपरणं कमरेला घट्ट बांधलेलं, कोपरापर्यंत डिझेल. ‘बिघडलं’ हा शब्द मात्र ते उच्चारू देत नाहीत. माझी स्कूटर त्यांच्याकडे नेली की ते डॉक्टरसारखे खुर्ची ओढून बसत आणि विचारत, “कधीपासून आहे? सकाळी जास्त होतं की संध्याकाळी? मध्ये कुणी दुसऱ्यानं हात लावला होता का?” या शेवटच्या प्रश्नाला मी नेहमी खोटं उत्तर देत असे. “मशीन खोटं बोलत नाही, पुणेकर,” ते माझ्याकडे रोखून पाहत म्हणत. “माणूस बोलतो.”

अशा माणसाला अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, एकदा चिकमगळूरला जाताना कॉफी आणायला सांगितली. कॉफीच्या कुठल्याशा मळ्यावर त्यांचा जुना मित्र कारभारी होता. अण्णा परत आले ते गोणपाटात गुंडाळलेलं एक जडशीळ गाठोडं बाळासारखं कडेवर घेऊन. बसमध्ये त्यांनी ते खाली ठेवलं नव्हतं. गोणपाट सोडलं तर आत झाडं कापायची यांत्रिक करवत. मळ्यावाल्यांनी ती टाकून द्यायला काढली होती, कारण ती सुरू होत नसे. एवढ्याच गुणावर अण्णांनी ती पसंत केली होती.

“आणि कॉफी?” अक्कांनी विचारलं.

“अय्यो! कॉफी राहिली.”

“बरं. ह्यानं कापायचं काय? दारात एक गुलमोहर आणि मागे कढीपत्ता.”

“आधी सुरू तर होऊ दे,” अण्णा म्हणाले.

ते सुरू होणं हा पुढे प्रत्येक रविवारचा कार्यक्रम झाला. ज्यांनी ही वस्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. स्कूटरसारखंच हिच्या पोटात पेट्रोल आणि तेल मिसळून घालायचं. अंगाला एक दोरी असते, ती झटक्यानं ओढली की इंजिन जागं होतं, निदान व्हावं अशी अपेक्षा असते. अण्णा आधी सोपं, मग कठीण या क्रमानं जात. पेट्रोल जुनं झालंय का? हवेची जाळी तुंबलीय का? प्लगला ठिणगी पडते का? प्रत्येक प्रश्नानंतर दोरीला एक झटका. करवत खोकायची, धुराची एक गुळणी टाकायची आणि गप्प. शेजारी एक निवृत्त कानडी प्रोफेसर राहत. ते भिंतीवरून डोकं काढून विचारत, “आयिता?” म्हणजे ‘झालं का?’ अण्णा न वळता उत्तर देत, “स्वल्प बाकी!” हे स्वल्प दुपारच्या जेवणापर्यंत चाले.

या कामात त्यांच्या बरोबरीची एकच व्यक्ती होती, ती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी भारती. कॉलेज संपवून एका ऑफिसात लागलेली, एरवी साडीची घडी मोडू न देणारी ही मुलगी रविवारी जुना पंजाबी ड्रेस घालून बापासमोर उकिडवी बसे आणि काचकागदानं प्लग घासत राही. बापलेकींचं बोलणं म्हणजे, “पान्हा दे,” “बारा नंबर की चौदा?”, “अप्पा, तो नट उलटा आहे.” यापलीकडे दोघं एकमेकांशी काही बोलल्याचं मी फारसं ऐकलं नाही. माझी बायको म्हणायची, “काय घुमं घर आहे!” मला ते घुमं कधी वाटलं नाही. ती करवत अधूनमधून सुरू व्हायची, आणि झाली की दोघं एकमेकांकडे न बघता हसायची.

मग भारतीचं लग्न ठरलं. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरवर काम करणारा. त्या वर्षांत बंगलोरातल्या प्रत्येक गल्लीतून एकेक मुलगी अशी निघालेली होती, त्यात हीही. लग्न झालं, जावई सुट्टी संपवून पुढे गेला, आणि व्हिसा आल्यावर भारती मागून एकटी निघायची होती. जायच्या आदल्या संध्याकाळी मे महिन्यातलं वादळ झालं. सकाळी मी आणि बायको निरोपाला पोचलो तर दारातला गुलमोहर मुळापासून कलंडून फाटकावर आडवा झोपलेला. पलीकडे टॅक्सी उभी. अलीकडे दोन अजस्र बॅगा, प्रेशर कुकर, लोणच्याच्या बरण्या आणि भारती. गावभर झाडं पडली होती, त्यामुळे कॉर्पोरेशनची माणसं लगेच येण्याची आशा नव्हती.

प्रोफेसरांनी शहाणा उपाय सुचवला. भिंतीला दोन्ही बाजूंनी शिड्या लावू, सामान इकडून तिकडे देऊ, मुलीला माझ्या फाटकातून जाऊ दे. सगळ्यांना पटलं. अण्णा सोडून.

“माझी मुलगी माझ्या फाटकातून जाईल,” ते म्हणाले. “भिंतीवरून चोर जातात.”

आणि ते गोणपाट घेऊन आले. मला खरं तर भरूनच आलं. ज्या दिवसासाठी ही करवत घरात आली होती तो दिवस उगवला होता, आणि तो अशा वेळी उगवला होता की रविवारसारखं जेवणापर्यंत थांबायला विमान तयार नव्हतं. अण्णांनी ताजं पेट्रोल घातलं. चोक ओढला. दोरी ओढली. काही नाही. पुन्हा चोक, पुन्हा दोरी. एरवी निदान खोकणारी करवत त्या दिवशी खोकेनासुद्धा. जाळी धुतली, फुंकली, बसवली. दोरी. टॅक्सीवाल्यानं फांद्यांमधून सल्ला दिला. त्याला अण्णांनी कानडीत असं काही उत्तर दिलं, की त्यानं पुढे फक्त हॉर्न वाजवला. मी म्हटलं, मी ओढून बघतो. ओढली, आणि माझा खांदा नंतर आठवडाभर दुखत राहिला. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते आता काही तपासत नव्हते, प्रश्नही विचारत नव्हते. नुसते ओढत होते.

“अहो, विमान त्या दोरीवर उडत नाही,” अक्का म्हणाल्या. “शिडी लावू द्या.”

“स्वल्प थांब.”

“थांबायला वेळ कुठाय?”

तेवढ्यात भारती पायऱ्या उतरून आली. अंगावर रेशमी साडी, हातात हिरवा चुडा. तिनं निऱ्या गुडघ्यांत घेतल्या, बापासमोर उकिडवी बसली आणि करवतीकडे जरा वेळ पाहिलं.

“अप्पा,” ती हळूच म्हणाली, “स्विच.”

करवत बंद करायचा जो लहानसा खटका असतो, तो ‘बंद’वरच होता. ठिणगी पडायचा प्रश्नच नव्हता. इतका वेळ अण्णा मेलेल्या इंजिनात नुसतं पेट्रोल ओतत होते. प्रोफेसर सभ्य गृहस्थ, त्यांनी एकदम आकाशातले ढग न्याहाळायला घेतले.

भारतीनं प्लग काढला. तो ओलाचिंब. “पेट्रोल पिऊन बसलीय,” ती म्हणाली. बापाच्या खिशातला रुमाल तिनं स्वतःच काढून घेतला, प्लग पुसला, आणि प्लग न लावताच दोरी ओढून आत साचलेलं पेट्रोल बाहेर उडवलं. मग प्लग बसवला. चोक पूर्ण बंद केला, खटका ‘चालू’वर केला, चप्पल काढून एक पाय दांड्यात रोवला, आणि चुडा कोपराकडे सारून दोरी ओढली. करवत खोकली. पुन्हा ओढली, आणि ती अशी गरजली की टॅक्सीवाला दचकून मागे सरकला. निळ्या धुराचा वास अंगणभर पसरला. भारतीनं करवत उचलून बापाच्या हातात दिली, आणि त्या वेळी मात्र दोघं एकमेकांकडे बघूनसुद्धा हसली नाहीत.

अण्णांनी कापायला सुरुवात केली. इतकं नेटकं काम त्यांनी जन्मात केलं नसेल. लालभडक फुलांसकट फांद्या पडत होत्या, मी आणि टॅक्सीवाला त्या ओढून बाजूला करत होतो, आणि बघता बघता फाटक उघडलं. बॅगा गेल्या. भारती वाकून नमस्कार करायला आली तेव्हा अण्णांनी करवत जमिनीवर ठेवली, पण बंद केली नाही. ती तशीच धडधडत राहिली. तेलकट हात डोक्यावर ठेवावा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी ते मोठ्यानं ओरडून, कारण त्याशिवाय ऐकू आलं नसतं, म्हणाले, “सुरू झाल्याबरोबर चोक बंद करायचा! विसरायचं नाही!”

“सरी, अप्पा,” ती ओरडून म्हणाली.

सातासमुद्रापार निघालेल्या मुलीला दिलेला उपदेश तो एवढाच.

अक्का आणि माझी बायको तिच्याबरोबर विमानतळावर गेल्या. “मी रस्ता साफ करतो,” म्हणून अण्णा थांबले, आणि मीही थांबलो. फाटक मोकळं झालेलं होतं. तरी ते खोडाचे तुकडे करत बसले, मग तुकड्यांचे तुकडे. शेवटी पेट्रोल संपून करवत आपली आपणच थांबली.

“अण्णा, स्विच कसा राहिला हो तुमच्याकडून?” मी विचारलं.

त्यांनी कपाळावरचा भुसा पुसला. “दिसलाच नाही, पुणेकर.” मग करवत गोणपाटात गुंडाळता गुंडाळता म्हणाले, “चहा टाकता का? मला स्टोव्हला हात लावायचा नाही आत्ता.”

पुढे अमेरिकेहून महिन्याकाठी रविवारी फोन यायचा. अक्का पोटभर बोलायच्या, आणि रिसीव्हर अण्णांकडे गेला की त्यांचं “बरी आहेस? सरी,” एवढ्यात संपायचं. एकदा मी तिथंच बसलो होतो. त्यांनी ठरलेले शब्द उच्चारले, आणि फोन परत द्यायला हात लांबवला, तोच तिकडून भारती काहीतरी म्हणाली. हात मागे आला.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं. “रिकामं असताना होतं, की कपडे भरल्यावर? सरी. फोन तिथं धर. मशीनजवळ धर, ऐकू दे.”

त्यांनी डोळे मिटले. मी खेटूनच बसलो होतो, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं. कपडे धुण्याचं मशीन संथ, निरोगी लयीत फिरत होतं. मध्येच भांड्याला चमचा लागल्याचा आवाज आला. कुणीतरी नळ सोडला. बांगड्या वाजल्या. ज्याला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही त्या मलाही समजत होतं की त्या मशीनला काहीही झालेलं नाही.

“अप्पा,” लांबून आवाज आला, “कळलं का काय झालंय ते?”

“नाही गं,” डोळे न उघडता अण्णा म्हणाले. “अजून स्वल्प धर.”