शेवटचा नंबर आबांचा

बीएस्सी केमिस्ट्री झाले तेव्हा आमच्या घरातली मी पहिली पदवीधर होते, आणि हे मी आजही ताठ मानेने सांगते. आबा, म्हणजे माझे वडील, कोल्हापूरच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत वाळूचे साचे करायचे. त्याच वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडावर धरून सांगितलं होतं, "धूळ बसलीय. हे काम जितक्या लवकर सोडाल तितकं बरं."

त्यामुळे एमएस्सी करायची की नोकरी धरायची, हा आमच्याकडे शिक्षणाचा प्रश्न राहिलाच नव्हता. आबा अजून किती दिवस ती वाळू नाकातोंडात घेणार, एवढाच प्रश्न होता. एका कारखान्याच्या लॅबमध्ये मला लगेच घेत होते. पगार तुटपुंजा, पण पहिल्या महिन्यापासून. एमएस्सी करायची तर पुण्यात, विनाअनुदानित कॉलेजात, बँकेचं कर्ज काढून.

"हितंच थांबलीस तर जन्मभर काचेच्या नळ्या धूत बसशील," आबा म्हणाले. "दोन वर्सं काय, अशी जात्यात."

"आणि तुमची छाती?"

"माझ्या छातीचं तू बघू नगं. शीक की गप."

शिकायची मलाही हौस होतीच. कर्जाच्या कागदावर सही केली.

फौंड्रीतल्या लोकांची भिशी होती. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची, एकेकाने पाळीने उचलायची. त्यात व्याज नाही, कागद नाही. आबांनी शेवटचा नंबर मागून घेतला. माझा कोर्स संपला की भिशी उचलायची, बँकेचे पैसे एकदम टाकायचे आणि काम सोडायचं, असा त्यांचा बेत.

मी सांगितलं, "आबा, शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं."

"हप्ता मागत न्हाईत, मग व्याज कुठलं? गल्लीतल्या त्या इंजिनिअरला लागलं का?"

त्या मुलाचं व्याज सरकारी योजनेतून भरलं गेलं होतं. माझा कोर्स त्यात बसत नव्हता. तेही सांगितलं. आबा हसले. "दोन बुकं वाचली की माणसं लय भ्यात्यात."

सुट्टीला घरी आले की जिन्यात आधी त्यांचा श्वास ऐकू यायचा, मग ते दिसायचे. मधल्या पायरीवर थांबले की आई चहाचं आधण टाकायची. विचारायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

कोर्स संपला आणि मी पुण्यातच एका औषध कंपनीत ट्रेनी म्हणून लागले. पगाराचा आकडा ऐकला आणि त्यातून खोली, डबा, बसचा पास वजा करून बघितलं. माझ्याबरोबर बीएस्सी होऊन लॅबमध्ये लागलेल्या मैत्रिणीकडे महिन्याला याहून जास्त उरत होतं. ती घरी राहत होती, दोनदा पगारवाढही झाली होती. तिच्या नावावर कर्ज नव्हतं.

भिशी उचलल्यावर आबांनी मला बोलावून घेतलं. इस्त्रीचा शर्ट घालून, पैसे आतल्या खिशात ठेवून बँकेत निघाले. वाटेत फौंड्रीच्या फाटकाजवळ चहाच्या गाड्यावर त्यांचे सोबती होते.

"काय मामा, आता पावण्यागत यायचं व्हय फौंड्रीत?"

"मग! लेक एमएस्सी हाय म्हटलं!"

"आधी चहा पाजा, मग मिजास करा."

तेव्हा मला कळलं की आबांनी मुकादमाला काम सोडत असल्याचं सांगून टाकलंय. "आबा, आधी बँकेत तर जाऊन येऊ."

"आता काय ऱ्हायलंय बँकेत?"

बँकेतल्या माणसाने नोटा मोजल्या, मशीनमधून काढल्या, पावती दिली. "हे जमा झालं, मामा. बाकीचं कसं करताय?"

"बाकीचं कुठलं?"

"व्याजाचं. पहिला पैसा उचलला तवापासनंचं."

आबांनी हळू विचारलं, "ते अजून वाढतंय व्हय?"

"संपेपर्यंत वाढणारच की."

आबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तू म्हणालतीस," एवढंच बोलले.

मी मनात बेरीज-वजाबाकी करत होते. हप्ता भरला तर घरी पाठवायला काही उरत नव्हतं. घरी पाठवलं तर हप्ता राहत होता. आबांनी माझं तोंड बघूनच ते ओळखलं असावं. बँकेतून ते सरळ फौंड्रीकडे वळले.

मुकादम वाईट माणूस नव्हता. "मामा, साच्यावर दुसरा गडी घेतला की ओ. फेटलिंगला जागा हाय. बघा."

फेटलिंग म्हणजे ओतून निघालेल्या लोखंडाच्या कडा घासायच्या. तिथली धूळ दिवसभर खाली बसत नाही.

"आबा, नको," मी म्हटलं. "मी पुणं सोडते. इथं बघते कुठंतरी."

"गप. एमएस्सी हायस तू." हे त्यांनी मुकादमाला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हटलं. मग त्याच्याकडे वळून, "येतो सोमवारपासनं."

मी दुसऱ्या दिवशी पुण्याला परत गेले. बँकेचा हप्ता माझ्या पगारातून जातो, घर आबांच्या मजुरीवर चालतं. फोनवर ते आता थोडंच बोलतात. वाक्य पुरं व्हायच्या आत दम संपतो. मास्क लावता का, म्हणून मी विचारते.

"लावतोय की," म्हणतात, आणि फोन आईकडे देतात. मागे त्यांचा खोकला सुरू होतो, आणि तो थांबेपर्यंत आम्ही दोघी फोन धरून उभ्या असतो.