गेटवरचा डेनी

डेनीने (लूसी त्याचं आडनाव) आणि मी एकतीस वर्षं कौन्सिलच्या रस्त्यांवर खडी टाकली. फावडं कसं धरायचं हे त्याला शिकवावं लागलं नाही. ते कधी खाली ठेवायचं, हे मात्र त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. निवृत्तीच्या दिवशी सगळ्यांनी पिवळी जाकिटं परत केली, त्याने नाही केलं. "हरवलं," म्हणाला. अंगात तेच होतं.

लिसकिल या आमच्या गावी ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी घोड्यावरून कोल्ह्याची शिकार निघते. पन्नासेक घोडे आणि ते वाहून आणणारे तेवढेच ट्रेलर येतात. गल्ली एकच, बैलगाडीच्या काळातली. घोड्यावर बसून पाच फुटी कुंपण ओलांडणाऱ्या माणसाला ट्रेलर मागे घेता येत नाही, हे मी तिथे शिकलो. कुणीतरी उभं राहून ओरडायला लागतं. निवृत्तीनंतर ते काम डेनीने घेतलं. कोणी दिलं नव्हतं.

नियम त्याचेच. सगळ्या गाड्या डाव्या हाताला. ट्रेलरचं दार उघडेल एवढी जागा मागे सोडायची. घोड्याची घाण आपली आपण उचलायची. आणि मिसेस क्विर्क यांच्या गेटसमोर काहीही नको, सायकलसुद्धा नको.

हा शेवटचा नियम गंभीर होता. मिसेस क्विर्क एकट्या साठ गाईंची धार काढतात. शिकारीचा निम्मा रस्ता त्यांच्या शेतांतून जातो. मागच्या वर्षी कुणाची तरी जीप त्यांच्या गेटसमोर लागली आणि गुरांच्या खाद्याची लॉरी दोन तास बाहेर थांबली. त्यांनी मास्टरना एवढंच सांगितलं, "पुन्हा गेट अडलं तर शेतं बंद. काटेरी तार लावीन." मास्टर म्हणजे शिकारीचे प्रमुख, ओडेल, धंद्याने दातांचे डॉक्टर. त्यांनी ते डेनीला सांगितलं. "लूसी, शेतं बंद झाली तर तुझी इथे गरज उरणार नाही."

डेनी त्या रात्री जेवला नाही, असं त्याची बहीण म्हणाली. तो माणूस ताप आला तरी दोनदा वाढून घेतो.

दुसरी भानगड किल्ल्यांची. आमच्याकडे घोड्यावर निघताना गाडीची किल्ली पुढच्या टायरवर ठेवायची पद्धत. खिशातून पडत नाही, आणि कुणाला गाडी हलवायची झाली तर हलवता येते. मागच्या हिवाळ्यात चोरांनीही हा शिष्टाचार शिकून घेतला. एक जीप गेली, आत चार खोगिरं होती.

म्हणून यंदा डेनीने पद्धतच बंद केली. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून त्याने प्रत्येकाची किल्ली मागून घेतली. प्रत्येकीला गाईच्या कानातला जुना बिल्ला बांधला आणि सगळ्या बिस्किटांच्या डब्यात घालून आपल्या व्हॅनमध्ये ठेवल्या.

"व्हॅन कुठे लावणार?" मी विचारलं.

"क्विर्कबाईंच्या गेटसमोर."

"लेका, तिथेच?"

"मॉस, तिथे माझी व्हॅन असली तर दुसऱ्या कुणाची लागेल का? आणि मी दिवसभर शेजारी उभा आहे. त्यांना जायचं झालं की हलवतो."

यात चूक काढणं अवघड होतं. मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, चौकात गेलो. माझं काम मोटारी वळवायचं.

बाराच्या सुमारास एक मोठा काळा घोडा चौकात आला. खोगीर होतं, माणूस नव्हता. तो डांबरी रस्त्याने नदीकडे निघाला. घोडा मास्टरांचा, हे सगळ्यांना माहीत होतं. दोन मिनिटांनी डेनी पळत आला. सत्तरीचा माणूस रबरी बुटांत पळत होता.

"गेट?" मी ओरडलो.

"आत्ता येतो!"

पाऊण तासाने आला. घोडा हातात होता आणि कोपर फुटलं होतं. घोडा माझ्याकडे देऊन तो गेटकडे गेला. मग त्याची हाक आली, "मॉस! अरे मॉस!"

घोडा कुंपणाला बांधून मी गेलो. व्हॅन नव्हती. गेट बंद होतं आणि कडी नीट लावलेली होती.

"व्हॅनला कुलूप लावलं होतंस ना?"

"लावलं होतं."

"मग किल्ली कुठे?"

तो बुटांकडे बघत राहिला. "टायरवर."

"टायरवर?"

"एकतीस वर्षं लॉरीची तिथेच ठेवली, मॉस. हात आपोआप गेला."

पन्नास गाड्यांच्या किल्ल्या, आणि तासाभरात माणसं भिजून परत येणार. डेनी पोलिसांकडे निघाला. मी त्याला थांबवलं. रस्त्यावर आयुष्य घालवलेल्या माणसाला चिखल वाचता येतो. चाकोऱ्या गेटच्या आत, गोठ्याकडे गेल्या होत्या. व्हॅनच्या अरुंद, आणि त्यांच्यावरून जीपच्या रुंद.

डेनीने त्या पाहिल्या. "चोर असता तर बरं झालं असतं," म्हणाला.

गोठ्यात व्हॅन उभी होती. तिच्या पलीकडे एक कालवड विताना अडून आडवी पडली होती. गुरांची डॉक्टर गुडघ्यावर होती आणि मिसेस क्विर्क दोरी ओढत होत्या. त्यांनी मान वळवली नाही.

"कोण आहे?"

"डेनी, बाई."

"डॉक्टरची जीप गेटबाहेर अडकली होती, डेनी. मी अर्धा मैल चालत खाली आले."

"हो, बाई."

"तुम्हा लोकांच्या किल्ल्या कुठे असतात हे माहीत होतं म्हणून बरं. आता दोरी धर."

त्याने जाकिटाच्या बाह्या वर सारल्या आणि दोरी धरली. मीही धरली. सांगितलं की ओढायचं, सांगितलं की थांबायचं. पाच मिनिटांत माझा कोट घामाने भिजला. वासरू पाय पुढे टाकून आलं आणि शिंकलं.

मागे टापांचा आवाज झाला. मास्टर दुसऱ्याच्या घोड्यावर आले होते. लाल कोटावर डाव्या बाजूने चिखल होता.

"लूसी, किल्ल्या कुठे आहेत? आणि ही व्हॅन इथे कशी? मिसेस क्विर्क, गेट अडलं होतं की काय?"

डेनी दोरी गुंडाळत राहिला.

"अडलं होतं," मिसेस क्विर्क म्हणाल्या. बादलीत हात धुतले. सावकाश, कोपरापर्यंत. "गेटवर माणूस नव्हता. तो तुमच्या घोड्यामागे गेला होता. तुम्ही खोगिरावर राहिला असता तर माझा माणूस गेटवर राहिला असता."

मास्टरांचा चेहरा कोटासारखा लाल झाला.

"शेतं...?"

"शेतं उघडी आहेत. गेटवर डेनी असेल तोवर. आणि कालवडीची वार पडेपर्यंत व्हॅन हलायची नाही, दारही उघडायचं नाही, आवाजाने ती बिचकते. थांबा बाहेर."

तासभर पन्नास माणसं पावसात घोडे धरून उभी होती. कुणी कुरकुर केली नाही. किल्ल्या नव्हत्या, त्यामुळे जाण्याचा प्रश्नच नव्हता. नंतर मास्टर चारचौघांत म्हणाले, "व्यवस्था चोख होती, एकही गाडी चोरीला गेली नाही."

डेनीने मान डोलावली. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी तो पुन्हा गल्लीच्या तोंडाशी उभा होता. जाकिटावर कालवडीच्या रक्ताचा डाग होता, धुऊनही न गेलेला. प्रत्येकाला बजावत होता, "टायरवर किल्ली ठेवायची नाही. चोर तिथेच आधी बघतो."

त्याची व्हॅन गेटसमोर होती. मी जाता जाता पुढच्या टायरवर हात फिरवला. किल्ली तिथेच होती. आता तशी अटच होती, मिसेस क्विर्क यांची.