वीरभद्रअप्पांचा गुडघा

माणूस मेला की त्याचे सगळे दोष धुऊन निघतात, अशी आमच्या युसूफ वडगावात पद्धत आहे. वीरभद्रअप्पा सकाळी गेले आणि दुपारपर्यंत ते गावातले सगळ्यात सरळ, निर्मळ आणि सत्यवचनी गृहस्थ होऊन बसले. मी त्यांचा पुतण्या रवि. ते माझ्या वडलांचे सगळ्यात धाकटे भाऊ, माझ्याहून आठेक वर्षांनीच मोठे, त्यामुळे काका कमी आणि दोस्त जास्त. त्या दोस्तीच्या हक्कानं सांगतो, इतका खोटारडा माणूस आख्ख्या केज तालुक्यात दुसरा नव्हता.

अप्पांचं बिछायतीचं दुकान होतं. लग्न, बारसं, सप्ता, काहीही असो, मंडप, सतरंज्या आणि कढया-पातेली अप्पांकडून भाड्यानं जायची. शेजारीच माझा एसटीडी बूथ. नव्वद सालानंतर गावात एकेक नवल यायला लागलं. घरांवर केबलच्या छत्र्या उगवल्या, किराणा दुकानात काळ्या पाण्याच्या बाटल्या लटकल्या, आणि अप्पांनी लातूरहून टेम्पो भरून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. माझे वडील सिद्धाराम दुकानासमोर उभं राहून ओरडले, "जमीन काय कुनी चोरून नेली का? खुर्च्या कावून आनल्या?"

अप्पांना उत्तर द्यायची गरज पडली नाही, गावानंच दिलं. हाताच्या खुर्च्या पुढाऱ्यांना, बिनहाताच्या गुरुजींना आणि ग्रामसेवकाला, बाकीच्यांना सतरंजी, असा कायदा अप्पांनी केला आणि गावानं तो निमूटपणे मानला. मंडपाच्या तोंडाशी उभं राहून अप्पा येणाऱ्याकडे एक नजर टाकायचे आणि बोटानं त्याची लायकी दाखवायचे. निवडणूक हरलेल्या एका सदस्याला त्यांनी दुसऱ्याच दिवशी सतरंजी दाखवली होती. तो बिचारा बसलासुद्धा.

मंडपाच्या कामावर धर्मराज नावाचा गडी होता. तो मूळचा ऊसतोड्या. थंडीत बायकोपोरांसह कारखान्यावर जायचा, उन्हाळ्यात लगीनसराईला परत येऊन अप्पांचे मंडप ठोकायचा. तलवाड्याच्या एका लग्नात तो वरच्या बांबूवरून खाली आला. उजवा गुडघा असा गेला की पुन्हा वाकलाच नाही. वाकता येत नाही म्हटल्यावर ऊस कसला तोडणार? अप्पांनी त्याला बारमाही दुकानात ठेवून घेतलं. चला, एक बरं काम केलं, असं मला वाटलं होतं.

पण अप्पांना कुणाचं दुःख एकट्याला भोगू द्यायची सवयच नव्हती. वर्षाच्या आत त्यांचाही उजवा गुडघा धरला. कसा धरला, हे ऐकणाऱ्यावर अवलंबून असायचं. मला सांगितलं, नारायणगडाच्या जत्रेत पायरीवरून घसरलो. वडलांना सांगितलं, लुना घसरली. सासुरवाडीला तर असं सांगितलं की धर्मराजला झेलायला गेलो आणि तो अंगावर पडला. डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं की नेमका त्या दिवशी गुडघा एकदम बरा असायचा.

पंगतीत मांडी घालून बसणं तेव्हापासून बंद. गिऱ्हाईक जमिनीवर आणि बिछायतवाला खुर्चीत, हे शोभणार नाही म्हणून अप्पा पंगतभर पाय ओढत वाढत फिरायचे. लोक म्हणायचे, काय माणूस आहे, शेवटचा पाहुणा जेवल्याशिवाय घास घेत नाही. घास घ्यायचे की, आचाऱ्याच्या राहुटीमागे, पहिल्या वाफेचा भात. तिथं दोन खुर्च्या मांडलेल्या असायच्या. एक अप्पांची आणि एक धर्मराजची.

"मालक, मी हितं हुबा राहून खातो," धर्मराज दर वेळी म्हणायचा. "तुमच्या बरोबरीनं खुर्चीत कसं बसू? लोक काय म्हनतील?"

"गुडघा माझा दुखतोय का लोकांचा? मला एकट्याला जेवन जात न्हाई. बस गप."

मग धर्मराज बसायचा आणि नंतर माझ्याजवळ कुरकुरायचा. मालकाचे लई नखरे म्हणायचा. नखऱ्यांचं मला सांगायलाच नको. नातेवाइकांत कुठंही कार्य असलं की अप्पांची खुर्ची सायकलच्या कॅरिअरला बांधून नेणारा हमाल मीच होतो.

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला आडवं करत नाहीत. अंगाला विभूती लावून, गळ्यातलं इष्टलिंग हातात देऊन, मांडी घालून बसवून पुरतात. त्यामुळे अप्पांच्या गुडघ्यावर भाऊबंदांची चांगली करमणूक चालायची. एका साखरपुड्यात वडील म्हणाले, "वीरभद्रा, मेल्यावर तुला बसवायचा कसा? करकन मोडावा लागंल गुडघा." सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी सगळ्यांदेखत माझा हात आपल्या गळ्यातल्या लिंगावर ठेवला आणि म्हणाले, "रव्या, शपथ घे बे. माझा गुडघा कुनाला मोडू द्यायचा न्हाई." त्यांचे डोळे भरून आले होते. मी शपथ घेतली आणि ती मनावरही घेतली.

दोन हजार एक सालच्या लगीनसराईत, सकाळी दुकानात पातेली घासून घेताना अप्पांच्या छातीत कळ आली. माझ्या बूथवरून केजच्या डॉक्टरला फोन लागेपर्यंत सगळं संपलं होतं. मी रडलो नाही. मला रडायला सवड नव्हती. अंग ताठायच्या आत बसवावं लागतं, आणि घरी नेल्या नेल्या सगळ्यांची नजर त्या गुडघ्यावर गेली होती.

"दोघं जन खांदे धरा," वडील म्हणाले. "मी पाय दाबतो. एकदा आवाज हुईल, मग येतंय."

मी अप्पांच्या पायाशी जाऊन बसलो आणि म्हणालो, हात लावून दाखवा. वडील तापले. विधी करायला आलेल्या जंगमांनी मला समजावलं की मेल्या माणसाला वेदना नसते. मी म्हणालो, वेदना नसते, पण शपथ असते. शेतात समाधी खणणाऱ्यांना मी निरोप धाडला, की समोरच्या बाजूनं खड्डा लांबवा, अप्पा पाय पसरून बसतील. जंगम म्हणाले, असं शास्त्रात नाही. मी म्हणालो, मग शास्त्राला सांगा थोडं सरकून बसायला. दारात माणसं जमली. आधी येऊन अंगणात सावलीचं कापड बांधणारा धर्मराज काम टाकून उंबऱ्याशी आला. "रविशेठ म्हनतात ते बरोबर हाय," तो म्हणाला. "गुडघ्याचं दुखनं तुमाला काय म्हाईत?"

तेवढ्यात अप्पांच्या पत्नी, शिवम्मा काकू, आतून आल्या. रडून त्यांचा चेहरा सुजला होता. त्यांनी मला बाजूला केलं, खाली बसल्या आणि अप्पांच्या उजव्या पायाला हात घातला. पाय वाकला. लहान लेकराचा वाकतो तसा, कसलाही आवाज न करता. काकूंनी मांडी नीट घातली, वरून धोतर सारखं केलं.

"येती त्यांला मांडी," त्या म्हणाल्या. "रोज देवापुढं घालायचे की, दार लावून."

माझ्या डोक्यात आधी संताप गेला. इतकी वर्षं सायकलवर खुर्ची वाहिली, आता बापाशी आणि शास्त्राशी भांडलो, ते या धडधाकट गुडघ्यासाठी?

"कावून पन?" मी विचारलं.

काकूंनी उंबऱ्याकडं पाहिलं. "धर्मराजला खाली बसता यीना. उभ्या उभ्या खायचा, जनावरावानी. बड्या लोकांच्या लग्नात गड्याला खुर्ची दिली तर गिऱ्हाईक तुटंल, हे भ्यायचे. लई भित्रे हुते. मग म्हनले, मालकाचा गुडघा दुखला तर सोबतीला गडी बसंल. त्याला कोन काय म्हनंल?"

धर्मराज उंबऱ्याला धरून उभा होता. "मी त्यांच्यासाठी बसत हुतो," तो म्हणाला. "मला वाटायचं, अप्पाला सोबत लागती." मग आत बसवलेल्या अप्पांकडे पाहून हळूच म्हणाला, "लई खोटारडा मानूस तुमी." आणि तोंडाला उपरणं लावून रडायला लागला. तेव्हा मलाही रडू आलं.

संध्याकाळी शेतात माती देऊन झाल्यावर श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. पुढाऱ्यांसाठी अप्पांच्याच दुकानातल्या खुर्च्या आणल्या होत्या, कारण मयतीला आला तरी पुढारी उभा राहत नाही. हाताच्या खुर्चीतून सुंदरराव उठले. दर निवडणुकीत मंडपाचं भाडं बुडवणारे हेच ते सुंदरराव. घसा साफ करून म्हणाले, "अप्पा आयुष्यात कधी खोटं बोलले न्हाईत." मागं बाभळीला टेकून, एका पायावर भार देऊन धर्मराज उभा होता. सकाळपासून तो तसाच होता.

मी जाऊन त्याला हाताला धरून पुढं आणलं आणि सुंदररावांच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं. सुंदरराव बोलता बोलता अडखळले. वडलांनी डोळे वटारले. सतरंजीवरनं कुणीतरी कुजबुजलं, "त्याला कावून?"

धर्मराज उठायला लागला. मी त्याचा खांदा दाबला. "बस," मी म्हणालो, "माझा गुडघा दुखतोय. मला सोबत लागती." शेजारची, ग्रामसेवकासाठी ठेवलेली रिकामी खुर्ची ओढली आणि उजवा पाय लांब करून त्याच्याजवळ बसलो.